बोलताना मान हलवू नये

आमचे हे माणसं उलटी ओळखतात. म्हणजे आरशात दिसतात तशी. सलूनमधल्या आतल्या खुर्चीमागे तीस वर्षं उभं राहून त्यांनी आमच्या भागातली निम्मी डोकी हातावेगळी केली, पण पाहिली ती सगळी समोरच्या काचेत. त्यामुळे रोजचं गिऱ्हाईक रस्त्यात समोरून आलं की ह्यांचा चेहरा कोरा. तो बिचारा हात हलवतो आणि हे मला हळूच विचारतात, कोण गं हा? मग तो पुढे जाऊन एखाद्या दुकानाच्या काचेत दिसला, की ह्यांना एकदम ओळख पटते आणि हे मागून हाका मारत सुटतात. मला तेवढं सरळ ओळखतात, कारण माझे केस त्यांनी कधी कापले नाहीत. मी कापू दिले नाहीत.

मी सलूनपासून चार दुकानं पलीकडे, औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. डॉक्टरांची अक्षरं लावण्याचाच पगार मिळतो म्हणा ना. त्या सवयीने ह्या दोन भावांचंही मला पुष्कळसं लावता येतं, आणि ते लावावंच लागतं, कारण तोंडाने दोघं फारसं काही बोलत नाहीत.

दोन भाऊ म्हणजे हे आणि माझे थोरले दीर. ह्यांचे दादा, माझे भाऊजी. दाराजवळची खुर्ची भाऊजींची. सलून त्यांनी काढलं, ह्यांना धंदाही त्यांनीच शिकवला. तोही आरशातूनच. हे कुणाच्या कानामागे चुकत असले की भाऊजी स्वतःच्या गिऱ्हाइकावरचा हात न थांबवता नजर वर करायचे आणि आरशात एक भुवई उचलायचे. ह्यांची कात्री जागच्या जागी थांबायची. गळ्यावर वस्तरा असताना शेजारी वळून गप्पा मारणारा कारागीर कुणाला चालेल? म्हणून बोलायचं ते समोर काचेत बघून. आणि तिथे दोघं असे बोलत, की गिऱ्हाइकं दाढी झाल्यावरही उठायची नाहीत. चेष्टा, भांडणं, जगाची उठाठेव, आमच्या स्वयंपाकाची निंदा, सगळं त्या आरशात.

घरी मात्र दोघांच्या तोंडाला कुलूप. एकाच घरात वर ते, खाली आम्ही. जेवायला समोरासमोर बसले की दोघंही ताटात बघणार. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ह्यांच्यात इस्टेटीवरून काहीतरी बिनसलंय. मग एकदा डबा द्यायला सलूनमध्ये गेले आणि दारातच थबकले. दोघं आरशात बघून खो खो हसत होते.

आरशाच्या बरोबर मध्ये, दोन खुर्च्यांच्या मधोमध, भाऊजींनी स्वतःच्या हाताने लिहून एक पाटी चिकटवली आहे. ‘बोलताना मान हलवू नये.’ ती एकाच माणसासाठी आहे. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर येतात. ते स्वतःच बोलतात आणि स्वतःच्याच बोलण्याला जोरजोरात मान डोलावतात. पाटी मोठ्याने वाचून, अगदी बरोबर आहे, अशी मान हलवणारेही तेच.

तर मागच्या वर्षी माझ्या पुतणीला जुळं झालं. ती राहते दूरच्या शहरात. जाऊबाई मदतीला म्हणून गेल्या त्या तिकडेच रमल्या, आणि भाऊजींचे गुडघेही आता दिवसभर उभं राहू देईनात. शेवटी ठरलं, की महिनाअखेरीला भाऊजींनीही कायमचं लेकीकडे जायचं. ही बातमी त्यांनी धाकट्या भावाला कुठे सांगितली असेल? आरशात. ह्यांच्या हाताखाली तेव्हा जो कुणी होता, त्याने थोडेच कमी करा म्हटलं होतं. तो जवळजवळ तुळतुळीत होऊन घरी गेला.

त्या संध्याकाळी सलून बंद करून हे मला घ्यायला आले.  घराच्या वळणावर म्हणाले, “दादा गेल्यावर आम्ही बोलायचं कुठे?”

मी म्हटलं, फोन आहेत की, घरातल्या माणसांपेक्षा जास्त फोन आहेत. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चंद्रावर जाऊन बोला म्हणाले. पण त्यात माझी समजूत तोकडी होती हे मला लवकरच कळायचं होतं. ह्या माणसाला भावाची उणीव भासणार होती ती आरशातल्या भावाची, आणि तो काही सामानात बांधून नेता येत नव्हता की मागे ठेवून जाता येत नव्हता.

मग ह्यांच्या डोक्यात फोटोचं खूळ शिरलं. दादा आरशात दिसतो तसा एक फोटो हवा, कागदावर, हातात धरता येईल असा. मोबाइलवर काढून बघितले, पण ह्यांच्या मोबाइलच्या काचेवर पावडर आणि साबण यांचा कायमचा थर. त्यात सगळी माणसं धुक्यात हरवल्यासारखी दिसतात. शिवाय मोबाइल समोर धरला की भाऊजी ताठ होतात. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते कुणीतरी पकडून आणल्यासारखे उभे आहेत. जाऊबाईंना अजून त्याचा राग आहे.

तरुणपणी ह्यांचा जीव एका कॅमेऱ्यावर जडला होता. दुकानाच्या काचेत मांडलेला, आपोआप फोकस करणारा, तेव्हा अगदी नवलाचा. किंमत विचारायला आत गेले आणि उत्तर ऐकून तोच पाय मागे घेतला. ही गोष्ट मी लग्नानंतर इतक्यांदा ऐकली आहे, की तो कॅमेरा मला सवतीसारखा पाठ आहे. आता त्याच जातीचे कॅमेरे जुन्या वस्तूंच्या दुकानात इस्त्र्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या शेजारी पडलेले असतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मी सोबत गेले, कारण ह्यांना घासाघीस करता येत नाही. समोरचा माणूस जरा हसून बोलला की हे पाकीट काढतात.

दुकानदाराने काळा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा कॅमेरा पुढे ठेवला. झाकण सरकवलं की भिंग कासवाच्या डोक्यासारखं बाहेर यायचं. मी आधी सेल घालायचा कप्पा उघडून बघितला. आमच्याकडे रक्तदाब मोजायची यंत्रं परत येतात ती सेल गळून गंजलेली, त्यामुळे मला तो हिरवा गंज लांबून ओळखू येतो. कप्पा स्वच्छ होता. ह्यांना कप्प्याशी देणंघेणं नव्हतं. दुकानदार म्हणाला होता, फोकस बिकस काही करायचं नाही, कॅमेरा स्वतः बघतो, आणि हे तिथेच अडकले होते. स्वतः बघतो म्हणजे कुणाकडे बघतो, असं त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, तुम्ही धराल त्याच्याकडे. मग मी काय करायचं? बटण दाबायचं. हे इतके खूश झाले, की माझी घासाघीस ऐन रंगात आली असताना ह्यांनी पाकीट काढलं. तरी कॅमेरा एका बऱ्या चपलेच्या भावात पडला. रोलचा भाव ऐकून मात्र चपला इथेच काढून ठेवाव्यात असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा सलूनच्या धुतलेल्या नॅपकिनात गुंडाळून ह्यांच्या एप्रनच्या खिशात. आधी सरावाला म्हणून एक कुत्रा काढला, एक मला काढलं काउंटरमागे, औषधांच्या खोक्यांसकट. मग सलूनमध्ये पहिला फोटो घेतला तर फ्लॅश उडाला. मास्तर तोंडभर फेस घेऊन खुर्चीत उडाले आणि म्हणाले, वीज पडली, वीज पडली. बरोबर आहे म्हणून मानही हलवली. त्यानंतर फ्लॅश बंद कसा करायचा ते हे शिकून आले.

भाऊजी शेजारी, हाताच्या अंतरावर उभे. आणि हे कॅमेरा हनुवटीशी धरून समोर आरशात नेम धरायचे, दोघंही यावेत म्हणून अगदी मधोमध. डबा द्यायला गेले होते तेव्हा मी हे बघितलं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, भाऊजी तुमच्या बाजूला उभे आहेत, जरा मान वळवा आणि काढा.

“वळल्यावर तो दादा कुठे असतो?” हे म्हणाले.

 मी डबा ठेवला आणि निघाले. भाऊजींनी कॅमेऱ्याची दखलच घेतली नव्हती. एकदा रोल संपला आणि कॅमेरा आपला आपण चर्रर्र करून तो गुंडाळायला लागला, तेव्हा तेवढं त्यांनी आरशात बघून विचारलं, “काय मेलं रे त्यात?”

रोल धुणारं आता एकच दुकान उरलंय. तिथे एक बाई असतात, माझ्याच वयाच्या. भाऊजी निघायच्या दोन दिवस आधी आम्ही कॉप्या आणायला गेलो. पहिला कुत्रा, मिशीचे केस मोजून घ्यावेत असा. दुसरी मी, मागच्या खोक्यांवरची नावंसुद्धा वाचता येत होती. त्यानंतर सुरू झाली पाटी. बोलताना मान हलवू नये. बोलताना मान हलवू नये. प्रत्येक फोटोत तीच, इतकी स्वच्छ की ‘ह’ लिहिताना शाई जरा पसरली होती तीही दिसावी. आणि पाटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे एप्रन घातलेले दोन धुरकट ढग. त्यातला कुठला ढग भाऊ आणि कुठला आपण, हेही ह्यांना सांगता येईना.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. बाई समजूतदार. त्या म्हणाल्या, ह्या जातीचा कॅमेरा चौकटीच्या मध्यभागी जे असेल तेच बघतो, आणि तुमच्या मध्यभागी पाटी होती. माणूस कडेला हवा असेल तर आधी त्याच्यावर नेम धरायचा, बटण अर्धंच दाबून तसंच धरून ठेवायचं, मग कॅमेरा हवा तिकडे फिरवायचा आणि उरलेलं बटण दाबायचं. हे ऐकतच नव्हते, ढगांकडे बघत होते. मी ऐकलं. शिवाय एक नवा रोलही घेतला, भाव न विचारता.

भाऊजींनी ते फोटो सलूनमध्ये पाहिले आणि हसू आवरेना म्हणून त्यांना वस्तरा मिटून ठेवावा लागला. आरशात बघून ते धाकट्याला म्हणाले, “अक्षर मात्र छान आलंय माझं.” हेही हसले. पण घरी आल्यावर कॅमेरा नॅपकिनासकट कपाटात गेला. राहू दे, म्हणाले. जे त्या काचेतलं आहे ते तिथेच राहणार.

मला ‘राहू दे’ ह्या दोन शब्दांचा मनस्वी राग आहे. आयुष्यात ह्या माणसाने ते फार वेळा म्हटले आहेत आणि बहुतेक वेळा मी ते चालू दिले. ह्या वेळी माझं डोकं फिरलं. भाऊजींचा कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी मी अर्ध्या तासाची सुट्टी मागितली, कॅमेऱ्यात नवा रोल भरला, सलूनमध्ये गेले, आरशाखालच्या फळीवरच्या बाटल्या, कंगवे, फवारे बाजूला सारले आणि सरळ त्या फळीवर चढून बसले. पाठ पाटीला टेकवून, तोंड त्या दोघांकडे.

दोन्ही भावांचे हात हवेत राहिले. मी म्हटलं, बघताय काय, कामं करा.

थोडा वेळ दोघंही ताठ. भाऊजींच्या खुर्चीत मास्तर होते, निरोपाची दाढी म्हणून मुद्दाम आलेले. मी भाऊजींच्या चेहऱ्यावर नेम धरला, बटण अर्धं दाबलं, तसंच धरून कॅमेरा मधोमध आणला आणि श्वास रोखून बसले. मास्तर भाऊजींच्या हातगुणाबद्दल काहीतरी बोलले आणि स्वतःला दुजोरा देत जी मान हलवली, की भाऊजींनी वस्तरा झटकन वर उचलला. आणि सवयीने त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आरशात गेली. भुवई उचलली. ओठाचा एक कोपरा वर गेला. तिकडून ह्यांनीही माझ्या दुसऱ्या खांद्यावरून आरशात बघितलं, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी तेच एक हसू उमटलं. एवढ्या वर्षांत मी हे चेहरे समोरून कधी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी आरशाच्या जागी बसले होते म्हणून दिसले. मी उरलेलं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी गेले. निघताना दोघं भाऊ दारात समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांच्या चपलांकडे बघत राहिले. मग भाऊजी म्हणाले, येतो. हे म्हणाले, हो.

त्यानंतरचे फोन काय सांगू. पोचलास? पोचलो. गुडघे? ठीक. गिऱ्हाईक? ठीक. ठेवू? ठेव. व्हिडिओ कॉल लावून दिला तर दोघं एकमेकांना बघून जे गप्प झाले, ते शेवटी तिकडून जाऊबाई आणि इकडून मीच बोलून घेतलं. हे सलूनमध्ये जायचे, यायचे, जेवायचे. गिऱ्हाइकं दाढी झाली की उठून जायला लागली.

कॉप्या आल्या. त्यातला तो एक फोटो बघून मी दुकानात सगळ्यांना दाखवत सुटले. दोघं भाऊ एकमेकांकडे बघताहेत आणि दोघंही तुमच्याकडेच बघताहेत असं वाटायचं. मास्तरांची हललेली मानसुद्धा नीट हलल्यासारखी आली होती. एक कॉपी भाऊजींना टपालाने पाठवली आणि एक मोठी करून ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांनी बराच वेळ बघितला. छान काढलायस म्हणाले. मग हळूच म्हणाले, “पण हा दादा नाही गं. भांग भलतीकडे आहे. उभाही भलतीकडेच आहे.”

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्यासाठी एवढी फळीवर चढले, ते ह्या माणसाला परकं वाटत होतं. वाईट वाटलं, आणि राग कुणावर काढावा हेही कळेना.

पण फोटो त्यांनी नाकारला नाही. सलूनमध्ये घेऊन गेले. एक दिवस मास्तर ह्यांच्या खुर्चीत बसले होते, केस अर्धे झालेले, आणि त्यांनी फोटो बघायला मागितला. आता केस कापून झाले की कारागीर काय करतो? छोटा आरसा डोक्याच्या मागे धरतो, म्हणजे गिऱ्हाइकाला मान न वळवता मागची बाजू समोर दिसते. ह्यांचा हात त्याच वळणाचा. फोटो मास्तरांच्या हातात न देता ह्यांनी तो त्यांच्या डोक्यामागे धरला आणि सवयीने समोर आरशात बघितलं.

मी काउंटरवर एका आजीबाईंना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावत होते. इतक्यात हे दारात. कानाला कंगवा, हातात फोटो. म्हणाले, चल. आजीबाई म्हणाल्या, जा बाई, मी थांबते. सलूनमध्ये मास्तर अर्ध्या डोक्याने बसलेले होते, पण तेही आनंदात. ह्यांनी मला भाऊजींच्या रिकाम्या खुर्चीमागच्या भिंतीशी उभं केलं, फोटो दोन्ही हातांनी भिंतीवर धरायला लावला आणि स्वतः आपल्या खुर्चीमागे जाऊन आरशात बघू लागले. दाराकडे सरक. थोडा वर. अजून. बस.

मी भिंतीकडून मान वळवून आरशात पाहिलं. भांग जिथे हवा तिथे होता. भाऊजी दाराच्या बाजूला उभे होते आणि भुवई उचलून ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी कात्री एकदा हवेत चालवली. मास्तरांनी मान हलवली, आणि ह्यांनी आरशात बघून त्यांना पाटी दाखवली.

फोटो तिथेच लागला. त्याच आठवड्यात एकदा सलून बंद करायच्या वेळी मी ह्यांना घ्यायला गेले. हे गळलेले केस झाडत होते. फोन फळीवर वाजला आणि हात भरलेले म्हणून मीच तो मोठ्या आवाजावर लावला. भाऊजी होते.

फोटो मिळाला, म्हणाले. चांगला आहे. वहिनी तुझी खूश झाली. मग नेहमीप्रमाणे थांबले. आता ‘ठेवू?’ येणार म्हणून मी फोन उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात ते म्हणाले, “पण काहीतरी चुकलंय रे त्यात. तू भलत्या बाजूला उभा आहेस.”

हे झाडू हातात घेऊन तसेच उभे राहिले. “दादा,” म्हणाले, “तिथे आरसा आहे का?”

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गुडघ्यांमुळे सावकाश पडणारी पावलं, एक दार, दिव्याचं बटण. मग फोटोच्या कागदाची करकर. हे आरशासमोर आपल्या जागी जाऊन उभे राहिले आणि काचेत दाराच्या बाजूला बघत राहिले.

“हां,” भाऊजी म्हणाले. “आता बोल.”